विषयाच्या तासिकेतच तंत्रज्ञान : प्रकल्प नोंदी

१२ जून

सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना संगणकाची आणि इंटरनेटची जी कौशल्ये यायला हवीत, ती ज्या विषयात त्यांची खरी गरज पडते त्याच विषयाच्या तासिकेत, त्या विषयाच्या शिक्षकाने आणि गरज पडेल त्याच वेळी शिकवावीत, असा या वर्षीच्या प्रकल्पाचा हेतू आहे. संगणकाची स्वतंत्र तासिका आहे आणि ती राहील. परंतु तिथे शिकलेले सूत्र विज्ञानाच्या प्रयोगापर्यंत पोहोचत नाही, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. संगणक कक्षात काल्पनिक गुणांची सरासरी बिनचूक काढणारी मुलगी प्रयोगशाळेत आल्यावर कागदावर उभ्या बेरजा मांडू लागते. तिच्या दृष्टीने ते सूत्र संगणकाच्या अभ्यासक्रमाचे असते. तापमानाशी किंवा लंबकाशी त्याचे काही नाते आहे, असे तिला कोणी दाखवलेलेच नसते.

उपकरणांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे ठाम मत आहे. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१५ मध्ये शाळांतील संगणकवापरावर अहवाल प्रसिद्ध केला. शिक्षणातील संगणकीकरणावर मोठा खर्च केलेल्या देशांमध्ये वाचन, गणित आणि विज्ञान यांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतील कामगिरीत लक्षणीय सुधारणा दिसत नाही, असे त्यात नमूद आहे. शाळेत संगणक बेताने वापरणारे विद्यार्थी तो क्वचित वापरणाऱ्यांपेक्षा काहीसे पुढे होते, तर फार वारंवार वापरणारे बरेच मागे होते. म्हणून या प्रकल्पात प्रत्येक पाठाला पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की, यंत्राशिवाय हा पाठ तितकाच चांगला होतो का. उत्तर ‘होय’ असेल, तर यंत्र कपाटातच राहील.

१९ जून

विषयशिक्षकांबरोबर पहिली बैठक झाली. ‘तुम्हाला कोणते ॲप वापरायला आवडेल’ हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. प्रत्येकाने पहिल्या सत्रातील घटकांची यादी समोर ठेवून मुले कुठे अडतात ते सांगावे, अशी विनंती केली. विज्ञानाच्या शिक्षिका म्हणाल्या की निरीक्षणे भरपूर घेतली जातात, पण आकडेमोडीतच तासिका संपते आणि निष्कर्षावर बोलायला वेळ उरत नाही. भूगोलाच्या शिक्षकांची अडचण नकाशाप्रमाणाची होती. मराठीच्या शिक्षिकांनी सांगितले की निबंध तपासून परत दिल्यावर मुले फक्त गुण पाहतात, पुनर्लेखन कोणीच करत नाही. इतिहासाच्या शिक्षकांना मुले इंटरनेटवरून पहिलाच सापडलेला मजकूर उचलून आणतात याची चिंता होती.

या अडचणींतूनच कौशल्यांची यादी तयार झाली. निरीक्षणांची तक्त्यात मांडणी आणि आलेख, डिजिटल नकाशाचे वाचन, सामायिक दस्तऐवजात लेखन आणि पुनर्लेखन, माहितीच्या स्रोताची पडताळणी, आज्ञा क्रमाने लिहून आकृती काढणे, आणि दुसऱ्याचे चित्र वापरताना श्रेय देणे, एवढीच ती यादी आहे. ती आणखी वाढवू नये असे मला वाटते. प्रत्येक कौशल्य किमान दोन विषयांत यावे, ही अट मात्र ठेवली आहे. कारण एकाच विषयात भेटलेले कौशल्य त्या विषयाच्या वहीत अडकून पडते.

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये मांडले होते की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान यांच्या संगमावर शिक्षकाचे असे एक खास ज्ञान असते, जे केवळ विषयतज्ज्ञाकडे नसते. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली आणि ती मांडणी ‘टीपॅक’ या नावाने ओळखली जाते. आमच्या कामापुरता तिचा अर्थ असा की स्प्रेडशीट (आकडे तक्त्यात मांडून सूत्रांनी हिशेब करणारे सॉफ्टवेअर) उत्तम येणारा संगणकशिक्षक आणि लंबक उत्तम शिकवणाऱ्या विज्ञानशिक्षिका यांना एका वर्गात शेजारी उभे करून भागत नाही. या प्रयोगाला कोणता आलेख लागतो आणि मुले तिथे कोणती चूक करतील, हे एकाच व्यक्तीला माहीत असावे लागते, आणि ती व्यक्ती विषयशिक्षकच असू शकते. संगणकशिक्षकांनी पाठ घेण्याऐवजी पाठाच्या आधी विषयशिक्षकाला तयार करावे, असे ठरले.

२७ जून

पाठटाचणाच्या नमुन्यात एक चौकट वाढवली. तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या आहेत: पाठातील कोणत्या क्षणी कौशल्याची गरज पडेल, ते दाखवायला किती मिनिटे लागतील, आणि वीज किंवा इंटरनेट नसेल तर तोच पाठ कसा पुढे जाईल. दाखवण्याचा वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त होत असेल, तर कौशल्याचा तुकडा मोठा झाला आहे असे समजून तो दोन पाठांत विभागायचा. तिसऱ्या मुद्द्याबाबत मी आग्रही आहे. उपकरण बंद पडले म्हणून ज्या दिवशी पाठ रद्द होतो, त्या दिवशी शिक्षकाचा त्या उपकरणावरचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

एका उपकरणापाशी तीन विद्यार्थी बसतील: एक टंकलेखन करणारा, एक आकडे वाचून दाखवणारा आणि एक पडताळणारा. ही कामे तासिकेच्या मध्ये बदलतील. अदलाबदल विद्यार्थ्यांवर सोडून चालत नाही; ज्याच्या घरी संगणक आहे तोच कीबोर्ड धरून बसतो आणि ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तो शेवटपर्यंत आकडे वाचत राहतो. याच कारणासाठी उपकरणावर अवलंबून असलेला गृहपाठ द्यायचा नाही, असेही ठरले.

९ जुलै

नववीच्या वर्गात लंबकाचा पाठ झाला. दोऱ्याची लांबी २०, ३०, ५०, ८० आणि १०० सेंटिमीटर घेऊन प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून एका दोलनाचा काळ काढायचा, असा प्रयोग होता. सगळ्या गटांनी आपापली निरीक्षणे एकाच सामायिक स्प्रेडशीटमध्ये भरली, त्यामुळे संपूर्ण वर्गाचा तक्ता प्रत्येकासमोर आला.

पहिला अडथळा लगेच आला. काही गटांनी सेलमध्ये ‘२० सेमी’ असे एककासह लिहिले होते, आणि स्प्रेडशीट अशा नोंदीला संख्या न मानता मजकूर मानते. शिक्षिकांनी दुरुस्ती स्वतः न करता वर्गाला विचारले की बेरजेच्या सूत्राने या नोंदी का वगळल्या असतील. एकक स्तंभाच्या शीर्षकात एकदाच लिहायचे आणि खाली फक्त संख्या ठेवायच्या, हा नियम मुलांनीच मांडला. विज्ञानाच्या वहीतही तक्ता असाच आखतात, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले.

त्याहून मोलाची चर्चा ५० सेंटिमीटरच्या नोंदींवर झाली. बहुतेक गटांना २० दोलनांसाठी २८.४ सेकंदांच्या आसपास वेळ मिळाला होता, एका गटाला मात्र २७ सेकंद. वहीत हा आकडा एकट्या गटाकडे राहिला असता आणि कोणाला खटकलाही नसता. सामायिक तक्त्यात तो सगळ्यांना दिसला. फरक १.४ सेकंदांचा आहे आणि या लांबीला एका दोलनाचा काळही सुमारे १.४ सेकंदच आहे, हे एका मुलीने दाखवून दिले. म्हणजे त्या गटाकडून नेमके एक दोलन कमी मोजले गेले होते. लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटले की विसापर्यंत मोजताना प्रत्यक्षात एकोणीस दोलनेच होतात. त्या गटाने ‘शून्य’ म्हणून मोजणी सुरू केली आणि वेळ बरोबर आला. मोजमापातील त्रुटीचे कारण आकड्यांवरूनच शोधता येते, हा विज्ञानातील मोठा धडा आहे, आणि तक्ता सगळ्यांसमोर असल्यामुळेच तो आज शिकता आला.

११ जुलै

त्याच प्रयोगाचा आलेख. शिक्षिकांचा आग्रह होता की पहिला आलेख प्रत्येकाने आलेखकागदावर हाताने काढावा, आणि मला तो पूर्णपणे पटतो. अक्षावर प्रमाण स्वतः ठरवल्याशिवाय आलेख म्हणजे काय ते कळत नाही. स्प्रेडशीट हा निर्णय न विचारता घेऊन टाकते.

हाताने काढलेला आलेख समोर असल्यामुळेच पुढची गोष्ट घडली. स्प्रेडशीटमध्ये अनेक गटांनी लाइन चार्ट निवडला, आणि तो कागदावरच्या आलेखाशी जुळेना. कागदावर वक्र सुरुवातीला चढा होता आणि हळूहळू सपाट होत गेला होता; पडद्यावर मात्र रेषा मध्ये जवळजवळ सरळ आणि शेवटी अचानक वाकलेली दिसत होती. याचे कारण असे की लाइन चार्ट आडव्या अक्षावरील नोंदींना केवळ नावे समजतो आणि त्या समान अंतरावर मांडतो, त्यामुळे २० ते ३० मधील दहा सेंटिमीटर आणि ५० ते ८० मधील तीस सेंटिमीटर यांना सारखीच जागा मिळते. दोन्ही अक्षांवर खऱ्या संख्या असतील तर स्कॅटर चार्ट घ्यावा लागतो. तो घेतल्यावर पडदा आणि कागद जुळले. चार्टचा प्रकार निवडणे म्हणजे सजावट नाही, हे आता या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

मग दोलनकालाच्या वर्गाचा नवा स्तंभ तयार केला. एका सेलमध्ये सूत्र लिहून ते खाली ओढले आणि पाचही लांबींसाठी उत्तरे क्षणात आली: सुमारे ०.८१, १.२१, २.०१, ३.२२ आणि ४.०३. लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख सरळ रेषा निघाला, आणि तिच्या उतारावरून गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ च्या आसपास आले. यापूर्वी हा टप्पा पाठ्यपुस्तकातून वाचून दाखवला जात असे. स्प्रेडशीटने वाचवलेला वेळ इथे कामी आला: दोलनकालाचा वर्ग का घ्यायचा, यावर शेवटची पंधरा मिनिटे चर्चा झाली.

२४ जुलै

फाइलींची नावे. ‘नवीन’, ‘नवीन अंतिम’ अशा नावांनी सामायिक फोल्डर भरून गेले होते. आता वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग विषय, मग गट असे नाव द्यायचे. या क्रमाने लिहिलेल्या तारखा संगणक आपोआप कालानुक्रमे लावतो.

याच आठवड्यात ‘९-२’ अशी गटाची नोंद स्प्रेडशीटने तारखेत बदलली. अशा आपोआप होणाऱ्या बदलाचा त्रास मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही झाला आहे. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी जनुकांची लघुनावे स्प्रेडशीट तारखा समजून बदलत असे, म्हणून जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये अशी नावेच बदलली आणि ती ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी केली. वर्गाला हे सांगितल्यावर सेलचा प्रकार आधी ‘मजकूर’ ठरवण्याची सूचना पुन्हा द्यावी लागली नाही.

६ ऑगस्ट

सातवीचा भूगोल. छापील नकाशाचे प्रमाण ठरलेले असते; पडद्यावरचा नकाशा झूम केला की प्रमाण बदलते, एवढे मुलांना माहीत होते. शिक्षकांनी त्यापुढचे निरीक्षण करायला लावले. झूम अजिबात न बदलता नकाशा विषुववृत्तापासून उत्तरेकडे सरकवत न्यायचा आणि कोपऱ्यातील प्रमाणपट्टीकडे पाहायचे. ६० अंश उत्तर अक्षवृत्तापर्यंत पोहोचेतो पडद्यावरची तेवढीच लांबी जमिनीवरचे निम्मे अंतर दाखवू लागते.

वर्गात खरी उत्सुकता निर्माण झाली. बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पृष्ठावर उतरवण्याच्या एका पद्धतीच्या, एका रूपावर आधारलेले आहेत. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये ते प्रक्षेपण समुद्रप्रवासासाठी मांडले; त्यात दिशा अचूक राहतात, पण ध्रुवांकडे जाताना क्षेत्रफळ फुगत जाते. ग्रीनलंड आणि आफ्रिका नकाशावर जवळजवळ सारखे दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. मुलांनी दोघांची क्षेत्रफळे शोधून भागाकार केला आणि नंतर पृथ्वीगोलावर तुलना केली. वर्गातला पृथ्वीगोल या पाठात डिजिटल नकाशाइतकाच आवश्यक ठरला, याची मी मुद्दाम नोंद करतो. जुने साधन काढून टाकले असते तर नव्या साधनाची मर्यादा दिसलीच नसती.

अंतर मोजण्याच्या साधनाचा वापर मुले पाच मिनिटांत शिकली. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

२२ ऑगस्ट

आठवीचे निबंधलेखन. सामायिक दस्तऐवजात प्रत्येकाने आपला परिच्छेद लिहिला, दोन सहाध्यायांनी त्यावर शेरे दिले आणि मग पुनर्लेखन झाले. पहिल्या फेरीतील शेरे ‘छान’, ‘आवडले’ एवढेच होते. मराठीच्या शिक्षिकांनी नियम केला की प्रत्येक शेरा एखाद्या ठरावीक वाक्याला जोडलेला असावा आणि त्यात एक प्रश्न असावा. दुसऱ्या फेरीत ‘हे वाक्य कोण बोलत आहे?’, ‘आधीच्या ओळीत पाऊस थांबला होता, मग इथे छत्री का?’ असे शेरे आले. शिक्षिकेच्या लाल शाईपेक्षा वर्गमित्राच्या अशा प्रश्नाला मुले अधिक मनापासून उत्तर देतात, हे मला फार आश्वासक वाटले.

दस्तऐवजाचा बदलांचा इतिहास हे या पाठाचे मुख्य साधन ठरले. विकिपीडिया २००१ पासून चालू आहे आणि त्याच्या प्रत्येक लेखाला असा उघड इतिहास असतो. एका लेखाचा इतिहास पडद्यावर दाखवल्यावर, छापल्यासारखा दिसणारा मजकूरही कितीदा खोडला आणि लिहिला जातो ते मुलांनी पाहिले. शिक्षिका आता गुण देताना शेवटच्या खर्ड्याबरोबर पहिल्या खर्ड्यापासूनचा प्रवासही पाहतात. वहीत हे जवळजवळ अशक्य होते.

टंकलेखन सावकाश करणाऱ्या मुलांचा प्रश्न उरतो. कळा शोधण्यात त्यांचे वाक्य हरवते. त्यांनी पहिला खर्डा कागदावर लिहावा आणि पुनर्लेखनापासून संगणकावर यावे, असा मार्ग काढला आहे. तासिकेतील टिपणे मात्र सर्वांनी वहीतच घ्यायची आहेत. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या २०१४ च्या प्रयोगांत लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांवरील प्रश्नांत मागे पडत होते. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा चाचणीतील फरक तितका दिसला नाही, पण शब्दशः उतरवण्याची प्रवृत्ती पुन्हा दिसली. ऐकलेले आपल्या शब्दांत मांडणे हाच टिपणांचा हेतू असल्यामुळे माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

९ सप्टेंबर

इतिहासाचा पाठ, आणि या सत्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा. ‘चीनची भिंत चंद्रावरून डोळ्यांनी दिसते’ हे विधान फळ्यावर लिहून ते खरे की खोटे, आणि हे कोणाच्या भरवशावर म्हणायचे, असे विचारले. वर्गातील बहुतेकांना ते खरे वाटत होते. कित्येकांनी ते छापील मजकुरात वाचले होते.

मुलांची पहिली पद्धत अशी: सापडलेले संकेतस्थळ वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि ते नेटके, गंभीर दिसले की विश्वास ठेवायचा. ही पद्धत केवळ मुलांची नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्र्यू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि २५ पदवीचे विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी अनेकदा बोधचिन्ह, संकेतस्थळाचे नाव अशा वरवरच्या खुणांना भुलले. तथ्यपडताळक मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडून नव्या टॅबमध्ये इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहत होते, आणि कमी वेळात योग्य निर्णयाला पोहोचत होते.

आम्ही हीच कृती शिकवली. पान उघडले की वाचण्याआधी थांबायचे, नवा टॅब उघडायचा आणि हे कोण सांगत आहे ते शोधायचे. काही मिनिटांतच एका गटाला यांग लिवेई यांचा उल्लेख मिळाला; २००३ मध्ये अवकाशात गेलेल्या या पहिल्या चिनी अंतराळवीराने परतल्यावर सांगितले होते की आपल्याला भिंत दिसली नाही. दुसऱ्या गटाच्या हे लक्षात आले की ते चंद्रावर गेले नव्हते, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत होते, म्हणजे चंद्राच्या तुलनेत फारच जवळ. तेव्हा जवळून न दिसलेली भिंत दुरून कशी दिसेल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

इथे गणिताचे शिक्षक वर्गात आले आणि पाठाला वेगळीच खोली मिळाली. सामान्य डोळ्याला साधारण १ अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. या दोन संख्यांवरून चंद्रावरून डोळ्याला वेगळी दिसू शकणारी वस्तू सुमारे ११० किलोमीटर रुंद असावी लागते, आणि भिंतीची रुंदी काही मीटरच आहे. लांबी हजारो किलोमीटर असली तरी रुंदी कमी पडते. म्हणजे इथे संकेतस्थळांची साक्ष आणि गणित एकाच निष्कर्षाला आले. प्रत्येक विधान असे गणिताने तपासता येत नाही, हेही शिक्षकांनी स्पष्ट सांगितले, आणि ते सांगणे आवश्यक होते.

१८ सप्टेंबर

सातवीचे गणित, बहुभुजाकृतीचे बाह्यकोन. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आज्ञा लिहून समभुज त्रिकोण काढायचा होता. जवळजवळ सर्वांनी ‘पुढे जा, ६० अंश वळ’ ही आज्ञा तीनदा लिहिली आणि पडद्यावर अर्धा षटकोन उघडा राहिला. त्रिकोणाचा आतला कोन ६० अंशांचा असतो, पण रेषेवरून चालणाऱ्याला १२० अंश वळावे लागते. बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश का, हे मुलांनी उभे राहून, जमिनीवर खडूने काढलेल्या त्रिकोणावर चालून समजून घेतले आणि मग आज्ञा दुरुस्त केली.

ही कल्पना जुनी आहे. १९६७ मध्ये वॉली फॉयर्झाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, आणि तिच्यातील रेषा काढत फिरणारे ‘कासव’ याच पद्धतीने चालत असे. २००७ मध्ये आलेले स्क्रॅच त्याच परंपरेतले आहे. कंपासपेटीतली रचना मात्र कागदावरच करायची आहे. कर्कटकाचे टोक स्थिर धरण्यात वर्तुळाची व्याख्या हाताला कळते.

७ ऑक्टोबर

चित्रांचे श्रेय. प्रकल्पवहीतील प्रत्येक चित्राखाली शीर्षक, निर्मात्याचे नाव, स्रोत आणि परवाना लिहायचा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठरावीक अटींवर दुसऱ्याचे काम वापरू देणारे, परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांच्या खुणा ओळखायला मुले सहज शिकली.

आज मूल्यमापनाबाबत दीर्घ चर्चा झाली. तंत्रज्ञानासाठी वेगळे गुण ठेवावेत, नाहीतर पालक आणि विद्यार्थी ते गांभीर्याने घेणार नाहीत, असे काही शिक्षकांचे म्हणणे होते. मी त्याला विरोध केला. वेगळे गुण ठेवले की कौशल्य पुन्हा विषयापासून वेगळे होते आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो. शेवटी निकष विषयाच्या गुणदानातच लिहायचे ठरले. विज्ञानात ‘आलेखाचा प्रकार निरीक्षणांना साजेसा आहे आणि अक्षांवर राशी व एकक लिहिले आहे’, इतिहासात ‘विधानाला दोन स्वतंत्र स्रोतांचा आधार आहे’, मराठीत ‘शेऱ्यांना प्रतिसाद देऊन पुनर्लेखन केले आहे’. यातला कोणताही निकष एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरचे नाव घेत नाही. शिक्षणातील तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आयएसटीई या संस्थेने विद्यार्थ्यांसाठी १९९८ मध्ये केलेली मानके २००७ आणि २०१६ मध्ये नव्याने लिहिली, आणि त्या प्रवासातही भर साधनावरून विद्यार्थी त्या साधनाने काय करतो याकडे सरकत गेला आहे.

२१ नोव्हेंबर

नववीत सांख्यिकी शिकवताना गणिताच्या शिक्षकांनी एक तयार तक्ता दिला आणि त्यातील सरासरीचे सूत्र तपासायला सांगितले. सूत्रात शेवटच्या काही ओळी घेतल्याच नव्हत्या. सूत्राच्या सेलवर क्लिक करून त्याची व्याप्ती पाहण्याची सवय ज्यांना विज्ञानाच्या तासिकेत लागली होती, त्यांना ते लवकर सापडले. यानंतर शिक्षकांनी कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या शोधनिबंधाची हकीकत सांगितली. देशांचे कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरील त्या निबंधाच्या स्प्रेडशीटमध्ये सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते, आणि थॉमस हर्नडन या संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला २०१३ मध्ये ते सापडले. निबंधावरील आक्षेप तेवढ्यापुरते नव्हते, पण वर्गासाठी एवढाच भाग पुरेसा होता. एका विद्यार्थ्याने नामवंतांचा तक्ता उघडून सूत्र तपासले, ही गोष्ट मुलांनी फार लक्षपूर्वक ऐकली.

विज्ञानातले कौशल्य गणितात कोणी न सांगता वापरले गेले, असे आज प्रथमच स्पष्टपणे दिसले. सर्वांबाबत ते घडलेले नाही. जी मुले जुलैमध्ये बहुतेक वेळ आकडे वाचण्याचे काम करत राहिली होती, तीच आजही सूत्रापाशी थबकली. अदलाबदलीच्या वेळेसाठी आता फळ्यावर घड्याळ लावले जाईल.

५ डिसेंबर

दुसऱ्या सत्राचे नियोजन. नकाशाचे कौशल्य आतापर्यंत भूगोलातच राहिले आहे. ते इतिहासातील व्यापारी मार्गांच्या घटकात आणायचे आहे. स्रोतपडताळणी विज्ञानाच्या आहार आणि आरोग्य या घटकात जाईल, कारण दिशाभूल करणारे दावे मुलांपर्यंत सर्वांत जास्त तिथूनच पोहोचतात. आठवीच्या बीजांकुरणाच्या प्रयोगात दररोजची उंची सामायिक तक्त्यात भरली जाईल, परंतु पहिल्या आठवड्याचा आलेख कागदावरच निघेल.

संगणकशिक्षकांच्या वेळापत्रकात विषयशिक्षकांबरोबरच्या पूर्वतयारीसाठी आठवड्यातून एक तासिका मुख्याध्यापकांनी मंजूर केली आहे. ही तासिका बदली तासासाठी वापरली जाणार नाही, असे लेखी मिळाले आहे.